चाळीस आमदार, बारा मंत्री: गोव्याचे मंत्रिमंडळ कसे बनते

२०२२ च्या एप्रिलमध्ये आमच्या फोंडा तालुक्याचे चारही आमदार मंत्री झाले. फोंड्याचे रवी नाईक, प्रियोळचे गोविंद गावडे, शिरोड्याचे सुभाष शिरोडकर आणि मडकईचे सुदिन ढवळीकर. मुख्यमंत्री धरून मंत्री बारा, त्यातले चार एकाच तालुक्यातले. आठ मतदारसंघांच्या सासष्टी तालुक्याला तेव्हा एकही मंत्री मिळाला नाही. पेडणे आणि काणकोण हे तालुकेही रिकामेच राहिले.

आमच्याकडे अर्थातच आनंद होता. पण दहावीतल्या भाचीने जेवता जेवता विचारले, “मामा, आपण तर आमदार निवडले. त्यांना मंत्री कोणी केले? आणि कोणाला कुठले खाते ते कोण ठरवतो?” मी नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले उत्तर दिले: राज्यपाल नेमतात. उत्तर खरे होते, पण त्यातून तिच्या हाती काही लागले नाही. पुढे बरेच दिवस तिला तुकड्यातुकड्यांनी जे सांगत गेलो, ते इथे सलग लिहितो आहे.

राज्यपाल बोलावतात, पण कोणाला?

मतदाराचा हात आमदारापर्यंतच पोचतो. त्यापुढचे काम संविधानाच्या १६३ ते १६७ या कलमांवर चालते आणि त्यातले १६४ वे कलम सर्वांत महत्त्वाचे. ते सांगते की मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतील आणि बाकीच्या मंत्र्यांची नेमणूक राज्यपाल मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने करतील. दोन्हीकडे सही राज्यपालांचीच असते, पण दोन सह्यांत फार फरक आहे. मंत्र्यांच्या बाबतीत राज्यपाल स्वतःच्या मनाने नाव घालू शकत नाहीत आणि गाळूही शकत नाहीत. मुख्यमंत्र्यांनी दिलेली यादी हीच यादी. मुख्यमंत्री निवडताना मात्र सल्ला देणारे कोणीच नसते, कारण सरकारच अजून बनलेले नसते. राज्यपालांना खरोखर स्वतः विचार करावा लागतो असे जे थोडे प्रसंग येतात, त्यातला हा एक.

विधानसभेत एखाद्या पक्षाला स्पष्ट बहुमत असेल तर विचार करण्यासारखे काही नसते. गोव्यात जागा ४०, म्हणजे बहुमत २१. एकवीस किंवा जास्त आमदारांच्या पक्षाने आपला नेता निवडायचा, नेत्याने राज्यपालांना भेटून पत्र द्यायचे आणि शपथविधीचा दिवस ठरवायचा. पण गोव्याने असे सरळ निकाल मोजकेच पाहिले आहेत.

२०१७ चा निकाल आठवून पाहा. ११ मार्चला मतमोजणी झाली. काँग्रेसला १७ जागा, भाजपला १३, मगोला (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला) ३, गोवा फॉरवर्डला ३, राष्ट्रवादीला १ आणि अपक्ष ३. काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष, पण बहुमताला चार कमी. भाजप तर आठ कमी. मात्र दुसऱ्याच दिवशी भाजपचे मनोहर पर्रीकर राज्यपाल मृदुला सिन्हा यांच्याकडे एकवीस आमदारांच्या पाठिंब्याचे पत्र घेऊन गेले. स्वतःचे १३, मगोचे ३, गोवा फॉरवर्डचे ३ आणि २ अपक्ष. राज्यपालांनी त्यांना बोलावले. सर्वांत मोठ्या पक्षाला आधी विचारायला हवे होते, असे म्हणत काँग्रेसचे नेते चंद्रकांत कवळेकर सर्वोच्च न्यायालयात गेले. होळीची सुट्टी असतानाही न्यायालय बसले. १४ मार्चला न्यायालयाने शपथविधी थांबवला नाही, पण दोनच दिवसांत, १६ तारखेला, विधानसभेत बहुमत सिद्ध करा असा आदेश दिला. सभागृहात २२ विरुद्ध १६ मतांनी सरकार टिकले.

‘सर्वांत मोठा पक्ष आधी’ हा नियम अनेकांना संविधानातला वाटतो. तो तिथे नाही. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने एक क्रम सुचवला होता: आधी निवडणुकीपूर्वीची युती, मग इतरांच्या पाठिंब्याचा दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, मग निवडणुकीनंतरची आघाडी. ही शिफारस आहे, कायदा नव्हे. कायद्याच्या दृष्टीने पक्की गोष्ट एकच, आणि ती १९९४ च्या बोम्मई खटल्यात ठरली: बहुमत आहे की नाही याचा निवाडा सभागृहात व्हायचा, राज्यपालांच्या दिवाणखान्यात नाही.

गोव्याला हा धडा २००५ मध्येही गिरवावा लागला. २ फेब्रुवारी २००५ रोजी पर्रीकर सरकारवरच्या विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी सभागृहात मोठा गोंधळ झाला. सभापतींनी एका अपक्ष आमदाराला बाहेर काढले आणि ठराव संमत झाल्याचे जाहीर झाले. राज्यपाल एस. सी. जमीर यांनी मात्र सरकार बरखास्त करून प्रतापसिंह राणे यांना शपथ दिली. महिनाभरात राज्यात राष्ट्रपती राजवट आली. एका आमदाराच्या मतावर सरकार उभे राहणार की पडणार, हे चाळिसांच्या सभागृहात वारंवार घडते. म्हणून इथे सभापतीची खुर्ची कुठल्याही मंत्रिपदाइतकीच मोलाची असते.

आमदार नसताना मंत्री

२०१७ च्या मार्चमध्ये शपथ घेतली तेव्हा पर्रीकर गोव्याचे आमदार नव्हतेच. आदल्या दिवसापर्यंत ते केंद्रात संरक्षणमंत्री होते आणि राज्यसभेवर उत्तर प्रदेशातून निवडून गेलेले होते. तरी ते मुख्यमंत्री झाले, कारण संविधान सहा महिन्यांची मुदत देते. आमदार नसलेल्या व्यक्तीला मंत्री करता येते. सहा महिन्यांच्या आत तिने निवडून यायला हवे, नाहीतर पद जाते. सिद्धार्थ कुंकळ्येकर यांनी पणजीची जागा रिकामी केली आणि ऑगस्टमधल्या पोटनिवडणुकीत पर्रीकर तिथून जिंकले.

शेजारच्या महाराष्ट्रात अशा वेळी विधान परिषदेची वाट मोकळी असते. उद्धव ठाकरे २०२० च्या मे महिन्यात तिथूनच सदस्य झाले. गोव्यात विधान परिषद नाही. इथे कोणाला तरी आपली जागा सोडावी लागते आणि लोकांसमोर जावेच लागते. मला ही अट चांगली वाटते. सहा महिने संपताना राजीनामा द्यायचा आणि निवडून न येताच काही महिन्यांनी पुन्हा शपथ घ्यायची, अशी पळवाट पंजाबात एकदा वापरली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती बंद केली.

शपथ दोन भागांत असते. पहिली पदाची: संविधानाशी निष्ठा राखीन, निर्भयपणे आणि निःपक्षपातीपणे काम करीन. दुसरी गोपनीयतेची: मंत्री म्हणून जे कळेल ते कामाच्या गरजेपलीकडे कोणाला सांगणार नाही. टीव्हीवर दोन्ही एका दमात वाचल्या जातात, त्यामुळे दुसरी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मंत्रिमंडळाच्या बैठकीत कोणी विरोध केला, कोण गप्प राहिले, हे बाहेर का येत नाही, त्याचे कारण याच दुसऱ्या शपथेत आहे.

बाराचा आकडा

गोव्याचे राजकारण समजून घ्यायचे तर मला वाटते इथे सर्वांत जास्त थांबायला हवे.

एके काळी मंत्र्यांच्या संख्येला मर्यादाच नव्हती. उत्तर प्रदेशात १९९७ मध्ये कल्याणसिंह यांच्या मंत्रिमंडळात नव्वदहून अधिक मंत्री होते. पाठिंबा देणाऱ्या प्रत्येकाला लाल दिव्याची गाडी द्यायची, हा साधा हिशेब होता. तो मोडण्यासाठी २००३ मध्ये ९१ वी घटनादुरुस्ती झाली. राज्यातल्या मंत्र्यांची संख्या, मुख्यमंत्री धरून, विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून जास्त असणार नाही. महाराष्ट्राच्या २८८ जागांना हा नियम लावला की ४३ मंत्री येतात. गोव्याच्या चाळिसाला लावला तर येतात फक्त सहा.

सहा मंत्र्यांत राज्य चालवणे अवघड जाईल, म्हणून लहान राज्यांसाठी एक जोड दिली गेली: मंत्र्यांची संख्या बारापेक्षा कमी असणार नाही. शब्द नीट वाचले तर हा किमान आकडा आहे. व्यवहारात मात्र गोव्यात बारा ही कमाल मर्यादा म्हणूनच पाळली जाते, आणि कित्येकदा सरकार बाराहून कमी मंत्र्यांवर सुरू होते. २८ मार्च २०२२ ला मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्यासह नऊ जणांनीच शपथ घेतली होती. उरलेले तिघे, ढवळीकर, सुभाष फळदेसाई आणि नीळकंठ हळर्णकर, ९ एप्रिलला आले.

आता हिशेब करून पाहा. महाराष्ट्रात बहुमताला १४५ आमदार लागतात आणि मंत्री ४३, म्हणजे काठावरच्या बहुमतातल्या दर दहा आमदारांपैकी साधारण तिघे मंत्री. गोव्यात बहुमताला २१ लागतात आणि मंत्री १२. एकविसातले बारा! सरकारच्या बाजूने बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक स्वतःच सरकार असतात. उरलेल्या नवांतून सभापती आणि उपसभापती काढा. मग जे राहतात त्यांच्यासाठी महामंडळांची अध्यक्षपदे असतात. मंत्र्याला प्रश्न विचारणारा सत्ताधारी बाजूचा साधा आमदार जवळजवळ उरतच नाही.

दुसरी बाजू अशी की पाठिंब्याची किंमत फार लवकर मंत्रिपदापर्यंत पोचते. २०१७ च्या त्या पत्रात भाजपबाहेरचे आठ आमदार होते: मगोचे तीन, गोवा फॉरवर्डचे तीन, दोन अपक्ष. १४ मार्चला मुख्यमंत्र्यांसोबत नऊ मंत्र्यांनी शपथ घेतली आणि त्यात या आठांपैकी सात होते. गोवा फॉरवर्डचे तर तिन्ही आमदार मंत्री झाले. ज्या पक्षाचा मुख्यमंत्री, त्या पक्षाच्या तेरा आमदारांतून त्या दिवशी दोघेच. हे लोक लोभी होते असे म्हणून विषय संपत नाही. आकड्यांची मांडणीच अशी आहे की तीन आमदारांचा पक्ष तीन मंत्रिपदे मागू शकतो आणि त्याला ती मिळतात.

यात आणखी वाटण्या मिसळतात. उत्तर-दक्षिण, तालुके, हिंदू-ख्रिस्ती, भंडारी समाज, अनुसूचित जमाती. गोव्यात तालुकेही बारा आणि मंत्रीही बारा, पण तालुक्याला एक असा कुठलाही नियम नाही; फोंड्याचे चार आणि सासष्टीचा शून्य हे त्याचेच उदाहरण. या सगळ्या वाटण्यांत एक वाटणी मात्र मागेच पडते. २०२२ मध्ये तीन महिला निवडून आल्या: जेनिफर मोन्सेरात, देविया राणे आणि दिलायला लोबो. बारात त्यातली एकही नव्हती. ज्या गोव्याने १९७३ मध्ये शशिकला काकोडकर यांना मुख्यमंत्रिपदावर पाहिले, तिथे हे खटकायला हवे.

खाते म्हणजे नेमके काय

शपथ घेतली की माणूस मंत्री होतो, पण खाते मिळेपर्यंत तो बिनखात्याचा मंत्री असतो. खातेवाटप मुख्यमंत्री ठरवतात आणि राज्यपालांच्या नावाने तशी अधिसूचना निघते. गोव्यात गृह, वित्त, कार्मिक आणि सर्वसाधारण प्रशासन ही खाती बहुतेक वेळा मुख्यमंत्री स्वतःकडे ठेवतात. पोलीस, पैसा आणि बदल्या त्यांत येतात हे पाहिले की कारण कळते. बाकीच्यांत ओढाताण असते ती नगरनियोजन, साबांखा (सार्वजनिक बांधकाम खाते), महसूल, पर्यटन, आरोग्य, वीज अशा खात्यांसाठी. त्यातही नगरनियोजन. जमिनीचा तुकडा शेतीचा राहणार की तिथे घरे उभी राहणार, हे या खात्याच्या आराखड्यात ठरते, आणि जमीन मुळातच थोडी असलेल्या राज्यात याहून मोठी सत्ता दुसरी नाही.

गोव्याच्या खात्यांना इथली चव आहे. वीज घ्या. महाराष्ट्रात घरोघरी वीज पोचवते महावितरण कंपनी. गोव्यात ते काम सरकारचे वीज खातेच करते आणि त्याचे प्रमुख असतात मुख्य वीज अभियंते. म्हणजे तुमच्या वाड्यावरचा ट्रान्सफॉर्मर आणि मंत्री यांच्यामध्ये कंपनी नाही. नदी परिवहन खाते तर दुसरीकडे सांगितले तर लोकांना खरे वाटत नाही, पण दिवाडी किंवा चोडणच्या माणसाला फेरीबोट कोणत्या मंत्र्याच्या हाताखाली येते हे बरोबर ठाऊक असते.

खात्याचा मंत्री म्हणजे खात्याचा मालक नव्हे. मंत्र्याखाली सचिव असतो, सचिवाखाली संचालक किंवा अभियंता किंवा जिल्हाधिकारी. फाइल खालून वर चढते, प्रत्येक पायरीवर टिपण लिहिले जाते आणि वर पोचेपर्यंत कायदा, पैसा, आधीचे निर्णय अशा बाजू तपासल्या जातात. सचिव पातळीवरचे आयएएस अधिकारी गोव्याच्या स्वतंत्र केडरचे (राज्याला नेमून दिलेल्या अधिकाऱ्यांच्या गटाचे) नसतात, कारण तसे केडरच नाही. अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश मिळून एक केडर आहे. आज पर्वरीच्या सचिवालयात बसलेला सचिव उद्या दिल्लीत किंवा इटानगरला असू शकतो. अधिकारी कमी आणि खाती जास्त, म्हणून एकेका सचिवाकडे अनेक खाती असतात. मंत्री मतदारसंघातला, त्याला प्रत्येक वाडा माहीत. सचिव बाहेरचा, त्याला नियम माहीत. दोघांचे जमले की काम होते, न जमले की फाइल पडून राहते.

मतदारसंघांच्या आकाराचाही यात भाग आहे. २०२२ च्या निवडणुकीत गोव्यातला एक मतदारसंघ सरासरी २८-२९ हजार मतदारांचा होता. महाराष्ट्रात तो तीन लाखांच्या पुढे जातो. त्यामुळे आमचा मंत्री सकाळी घरी गटाराची, नळाची आणि नोकरीची गाऱ्हाणी ऐकतो आणि मग सचिवालयात जाऊन साऱ्या राज्याचे धोरण बघतो. ही जवळीक मला मोलाची वाटते. पण मंत्री आपल्या तालुक्याचा असला तरी खाते साऱ्या गोव्याचे असते, हे विसरायलाही तीच कारण होते.

एकटा मंत्री म्हणजे सरकार नव्हे

सरकारी आदेशाच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते: गोव्याच्या राज्यपालांच्या आदेशाने व नावाने. कलम १६६ मुळे ती येते. त्याच कलमाखाली राज्यपाल कामकाजाचे नियम करतात. गोव्याचे हे नियम १९९१ चे आहेत. कुठला निर्णय मंत्री एकटा घेऊ शकतो, कुठल्यासाठी वित्त खात्याची संमती लागते, कुठला विषय मंत्रिमंडळासमोर न्यावाच लागतो, हे सारे त्यात लिहिलेले आहे.

हे कागदावरचे किरकोळ नियम नाहीत, हे साऱ्या देशाला गोव्याच्याच एका प्रकरणातून कळले. १९९१ मध्ये सरकारने उद्योगांना वीजदरात २५ टक्के सवलत जाहीर केली होती. १९९५ मध्ये ती मागे घेतली. १९९६ मध्ये वीज खात्याने दोन अधिसूचना काढल्या आणि त्यांच्या आधारे सवलतीचे दावे पुन्हा उभे राहिले. बोजा सरकारी तिजोरीवर येणार होता, पण वित्त खात्याची रीतसर संमती नव्हती आणि विषय मंत्रिमंडळापुढे गेलेला नव्हता. तेव्हा विरोधी बाकावर असलेले मनोहर पर्रीकर उच्च न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि २०१० मध्ये न्यायालयाने सांगितले की कामकाजाचे नियम पाळणे बंधनकारक आहे. महसुलावर परिणाम करणारा निर्णय वित्त खाते आणि मंत्रिमंडळ यांना वगळून घेतला गेला असेल, तर तो राज्यपालांच्या नावाने छापलेला असला तरी सरकारचा निर्णय होत नाही. दोन्ही अधिसूचना मुळापासूनच निरर्थक ठरल्या.

भाचीला मी हे प्रकरण सर्वांत जास्त वेळ घेऊन सांगितले. ‘मंत्र्यांनी सांगितले आहे’ हे वाक्य आपण पंचायतीपासून मामलेदार कचेरीपर्यंत ऐकतो. मंत्र्यांनी सांगणे आणि सरकारने ठरवणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर याच नियमांनी आखलेले आहे. मुख्यमंत्र्यांवरही बंधने आहेत. मंत्रिमंडळाचे निर्णय त्यांनी राज्यपालांना कळवायचे असतात, आणि एकट्या मंत्र्याने घेतलेला एखादा निर्णय मंत्रिमंडळापुढे ठेवा असे राज्यपाल त्यांना सांगू शकतात.

एकत्र तरणे, एकत्र बुडणे

मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असते. बैठकीत वाद घाला, पण निर्णय झाला की तो सर्वांचा. न पटले तर राजीनामा द्यायचा. सरकारने विश्वास गमावला की बाराही जण घरी जातात. आणि मुख्यमंत्री हा मंत्रिमंडळाचा कणा असल्यामुळे त्यांनी राजीनामा दिला किंवा त्यांचे निधन झाले तरी सगळे मंत्रिमंडळ संपते.

१७ मार्च २०१९ ला पर्रीकर गेले तेव्हा हेच झाले. दुःखाच्या त्या दिवसांतही घटनेचे चक्र थांबू शकत नव्हते, कारण राज्याला सरकारच उरले नव्हते. तेव्हा सभापती असलेले प्रमोद सावंत यांनी १९ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास अकरा मंत्र्यांसह शपथ घेतली. सभागृहात त्या वेळी ३६ च सदस्य होते. दुसऱ्या दिवशी सरकारने २० विरुद्ध १५ मतांनी विश्वास मिळवला.

त्याआधीचे वर्षही शिकवून गेले. पर्रीकर उपचारासाठी अमेरिकेला गेले तेव्हा, २०१८ च्या मार्चमध्ये, सुदिन ढवळीकर, फ्रान्सिस डिसोझा आणि विजय सरदेसाई अशा तीन मंत्र्यांची सल्लागार समिती नेमली होती. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कामांना तिने मंजुरी द्यायची होती. समिती का, तात्पुरते मुख्यमंत्री का नाही? कारण आजारी मुख्यमंत्र्यांच्या जागी आपोआप कोणी यावे अशी सोयच संविधानात नाही. उपमुख्यमंत्री हे पदही संविधानात नाही. घटनेच्या नजरेत उपमुख्यमंत्री एक मंत्रीच असतो. मान मोठा, अधिकार तेवढेच. सावंतांच्या पहिल्या मंत्रिमंडळात असे दोघे होते, ढवळीकर आणि सरदेसाई. वर्ष संपायच्या आत दोघेही मंत्रिमंडळाबाहेर होते.

ते कसे घडले ते पाहिले की मंत्र्याला काढण्याची रीत कळते. मंत्र्याला काढायला सभागृहाचा ठराव लागत नाही, चौकशी लागत नाही, कारणही सांगावे लागत नाही. मुख्यमंत्र्यांनी राज्यपालांना सल्ला दिला की पद गेले. २७ मार्च २०१९ च्या उत्तररात्री मगोच्या तीनपैकी दोन आमदारांनी पक्ष भाजपमध्ये विलीन केल्याचे पत्र दिले. त्याच दिवशी ढवळीकरांना वगळले गेले. जुलैत काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले आणि तीन दिवसांत गोवा फॉरवर्डच्या तिन्ही मंत्र्यांना व अपक्ष रोहन खंवटे यांना जागा रिकाम्या कराव्या लागल्या. तीनपैकी दोन, पंधरापैकी दहा. दोन्ही वेळा बरोबर दोन-तृतीयांश, कारण पक्षांतरबंदी कायद्यात विलीनीकरणासाठी तेवढे आमदार लागतात. त्याहून कमी असते तर आमदारकी धोक्यात आली असती. २०२२ च्या सप्टेंबरात काँग्रेसच्या अकरापैकी आठ जण गेले. तिथेही सातने भागले नसते.

९१ व्या दुरुस्तीने पक्षांतरबंदी आणखी कडक केली होती. एक-तृतीयांश आमदारांच्या ‘फुटी’ची सूट काढून टाकली आणि अपात्र ठरलेल्या आमदाराला त्याची मुदत संपेपर्यंत किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होता येणार नाही असेही घातले. मोठ्या सभागृहात दोन-तृतीयांश जमवणे खरेच कठीण असते. पण तीन आमदारांच्या पक्षात दोन-तृतीयांश म्हणजे दोन माणसे. मोठ्या राज्यांकडे पाहून केलेला नियम गोव्यात आला की त्याचा अर्थ असा बदलतो, आणि आपल्या मतदाराला त्याची झळ सोसावी लागते. मत एका चिन्हाला दिलेले असते आणि आमदार काही महिन्यांत दुसऱ्याच चिन्हाखाली शपथ घेताना दिसतो. याचा मला मनापासून खेद वाटतो.

बाराची मर्यादा वळसा घालून ओलांडायचे प्रयत्नही झाले. काही आमदारांना संसदीय सचिव करून मंत्र्यासारखा दर्जा देण्यात आला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्ये त्या नेमणुका रद्द केल्या. त्यानंतर समजूत काढायची वाट उरली ती महामंडळांची.

भाची आता कॉलेजात आहे आणि बातम्या स्वतः वाचते. २०२३ च्या नोव्हेंबरात नीलेश काब्राल यांनी राजीनामा दिला आणि नुवेचे आलेक्स सिक्वेरा आले, तेव्हा सासष्टीला पहिला मंत्री मिळाल्याचे तिनेच मला सांगितले. २०२५ च्या जूनमध्ये गोविंद गावडे यांना वगळले. ऑगस्टमध्ये सिक्वेरांनी पद सोडले, मडगावचे दिगंबर कामत मंत्री झाले आणि सभापतीची खुर्ची सोडून काणकोणचे रमेश तवडकरही मंत्री झाले. ऑक्टोबरात रवी नाईक यांचे निधन झाले. फोंडा तालुक्यातल्या त्या चार मंत्र्यांपैकी मडकईचे आणि शिरोड्याचे असे दोघे राहिले. त्या संध्याकाळी तिचा फोन आला. कोण येणार हे तिने विचारलेच नाही. तिने विचारले, “मामा, कृषी खात्याची फाइल आता कोणाच्या टेबलावर जाईल?” मी सांगितले की मुख्यमंत्री दुसऱ्या कोणाला देईपर्यंत ते खाते त्यांच्याकडेच राहते, आणि दिले की राजपत्रात तशी अधिसूचना येते. “मग राजपत्रच बघते,” ती म्हणाली.